सिंगल फेज पंख्याचा वेग कमी खर्चात नियंत्रित करताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

छताचा पंखा, स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट आणि उन्हाळ्यात विदर्भातील घराघरांत लागणारा कूलर ही तिन्ही उपकरणे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एकाच पुरवठ्यावर चालतात. त्यामुळे यांपैकी एकाचा वेग कमी करणारी वस्तू दुसऱ्यालाही चालेल, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात छताच्या पंख्यासाठी उत्तम ठरणारा रेग्युलेटर एखाद्या छोट्या एक्झॉस्टची मोटर जाळू शकतो. हा लेख ज्यांना स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर हाताळता येतो, परंतु रेग्युलेटरच्या आत काय घडते याची कल्पना नाही, अशांसाठी आहे. घरातील साध्या छताच्या पंख्यापुरते बोलायचे, तर दोन-चारशे रुपयांच्या घरात मिळणारा कंडेन्सरचा स्टेप रेग्युलेटर (टप्प्याटप्प्याने वेग बदलणारा) पुरेसा असतो आणि त्याहून महाग काही घेण्याची गरज सहसा पडत नाही. मात्र तो कुठे चालत नाही, हे खरेदीपूर्वी समजून घेतले पाहिजे.

वेग कशावर ठरतो

पंख्यातील मोटर बहुधा इंडक्शन प्रकारची असते आणि तिचा वेग मुख्यतः पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीवर व वायंडिंगमधील पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) संख्येवर ठरतो. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, हे त्याचे सूत्र आहे. छताच्या पंख्यात १४ पोल असतील, तर चुंबकीय क्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेते आणि पंखा त्याच्या थोडा मागे राहून साधारण ३५० ते ३८० फेऱ्यांवर स्थिरावतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. वेग बदलण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणे. परंतु त्यासाठी लागणारा ड्राइव्ह काही हजार रुपयांचा असतो, बहुतेक ड्राइव्ह थ्री फेज मोटरसाठी बनवलेले असतात आणि एका पंख्यासाठी तो खर्च करणे शहाणपणाचे नाही.

राहिला मार्ग व्होल्टेज कमी करण्याचा. व्होल्टेज उतरवले की मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज निम्मे झाले की टॉर्क चौथाई उरतो. पंख्याच्या पात्यांना लागणारा टॉर्कही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असल्यामुळे मोटर आणि पाती खालच्या एखाद्या वेगावर जुळवून घेतात आणि पंखा तेथे निवांत फिरत राहतो. घरघंटीला किंवा कॉम्प्रेसरला ही सवलत नसते, कारण तिथे वेग उतरला तरी ओझे तेवढेच राहते. मोटर ते ओढण्यासाठी अधिक करंट घेते आणि तापून जळते. म्हणून पुढील सर्व पद्धती केवळ पंख्यांसाठी आहेत.

या स्वस्त मार्गाची एक किंमत असते. वेग निम्मा झाला की पात्यांना पूर्वीच्या एक अष्टमांश शक्ती पुरते; मोटर मात्र पुरवठ्यातून ढोबळमानाने एक चतुर्थांश शक्ती घेते आणि मधला फरक रोटरमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. रोटरमधील ही उष्णता सर्वांत खालच्या वेगावर सर्वाधिक असेल, असे वाटते. पण ती चुंबकीय क्षेत्राच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगावर सर्वाधिक असते, म्हणजे १४ पोलच्या पंख्यात साधारण २८५ फेऱ्यांच्या आसपास. मधल्या आकड्यावर ठेवलेला पंखा हाताला अधिक गरम लागतो, तो यामुळे, आणि त्यात बिघाड समजण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: मोटर ओळखणे

पंख्याच्या पट्टीवरील (नेमप्लेटवरील) माहिती आधी वाचून घ्यावी. छताच्या पंख्यात दांडीजवळच्या कॅनोपीत किंवा मोटरच्या वरच्या झाकणाखाली २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर बसवलेला असतो आणि तो पंखा चालू असेपर्यंत स्टार्टिंग वायंडिंगला जोडलेलाच राहतो. ही मोटर व्होल्टेज कमी केलेले चांगले सहन करते. पेडेस्टल आणि टेबल पंख्यांत वेगाची बटणे वायंडिंगच्या टॅपिंगवर (वायंडिंगमधून मध्ये-मध्ये बाहेर काढलेल्या वायरींवर) चालतात, त्यामुळे त्यांना बाहेरून रेग्युलेटर लावू नये.

कंडेन्सर कुठेच दिसत नसेल, मोटरला दोनच वायरी असतील आणि लोखंडी पत्र्यांच्या थराच्या कोपऱ्यात तांब्याची जाड कडी बसवलेली दिसत असेल, तर ती शेडेड पोल मोटर आहे. लहान एक्झॉस्टमध्ये आणि फ्रीजच्या आतील पंख्यात ही सापडते. तिला वेगळी वागणूक द्यावी लागते. तिचा विचार पुढे केला आहे.

मोटर बंद होताना वेग उतरल्यावर आतून स्पष्ट 'टिक' असा आवाज येत असेल, तर आत सेंट्रिफ्युगल स्विच, म्हणजे मोटरने वेग घेतला की आपोआप उघडणारा स्विच आहे. काही पाण्याचे पंप आणि घरघंट्या यांत अशी मोटर असते. तिचा वेग उतरवला की हा स्विच पुन्हा जोडला जातो, केवळ क्षणभरासाठी बनवलेले स्टार्टिंग वायंडिंग सतत पुरवठ्यावर राहते आणि थोड्याच वेळात जळते. मिक्सर आणि ड्रिल मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते. तिचे गणित निराळे असून ती या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

आणखी एक प्रकार आता वाढत चालला आहे. बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा रिमोटवर चालतो, पूर्ण वेगावर साधारण २८ ते ३५ वॅट घेतो आणि त्याच्या आत स्वतःचे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्याच्या मागे भिंतीवरचा कोणताही रेग्युलेटर ठेवू नये. जुना रेग्युलेटर काढून टाकावा किंवा वायर थेट जोडून तो बाजूला करावा, अन्यथा आतील सर्किट खराब होण्याचा धोका असतो. साधा पंखा ७५ वॅट घेतो, असे धरून दिवसाला १२ तासांच्या वापरावर ३५ वॅटच्या पंख्याशी तुलना केल्यास महिन्याला सुमारे १४ युनिटांचा फरक पडतो. पंखा जुना होऊन बदलण्याच्या बेतात असेल, तर रेग्युलेटरवर खर्च करण्याआधी हा हिशेब मांडावा.

दुसरी पायरी: साधन निवडणे

जुन्या घरांत दिसणारा मोठा चौकोनी किंवा गोल रेग्युलेटर हा रेझिस्टन्स वायरचा असतो. तो पंख्याच्या वाट्याची वीज स्वतःच्या अंगावर जाळतो. पंखा मंद वेगावर ०.२ अँपिअर घेत असताना रेग्युलेटरवर १०० व्होल्ट पडत असतील, तर २० वॅट केवळ तो डबा तापवण्यात जातात. हा प्रकार टिकाऊ आहे आणि मोटरला गुरगुर करायला लावत नाही, परंतु नव्याने घेण्यासारखे त्यात काही नाही.

दुसरा प्रकार गोल फिरणाऱ्या बटणाच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. त्यात ट्रायॅक नावाचा घटक एसी लहरीचा काही भाग कापून उरलेला भाग पंख्याला देतो. तो स्वस्त असतो, जागा कमी घेतो आणि वेग टप्प्यांऐवजी सलग बदलतो. कापलेल्या लहरीमुळे मात्र कमी वेगावर मोटर गुणगुणते, रात्रीच्या शांततेत हा आवाज चांगलाच जाणवतो आणि जवळच्या रेडिओत खरखर ऐकू येते. दिव्यासाठी बनवलेला डिमर पंख्याला लावू नये. मोटरच्या वायंडिंगमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडतो आणि ट्रायॅक वेळेवर बंद होत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये त्यासाठी जादा रेझिस्टन्स व कंडेन्सरची जोडी दिलेली असते, जी स्वस्त डिमरमध्ये बहुधा नसते.

तिसरा प्रकार, आणि माझ्या मते साध्या छताच्या पंख्यासाठी योग्य निवड, म्हणजे कंडेन्सरचा स्टेप रेग्युलेटर. पंख्याच्या सिरीजमध्ये कंडेन्सर टाकला की तो व्होल्टेज अडवतो, पण स्वतः जवळजवळ वीज खात नाही आणि लहर न कापता पुढे पाठवतो. अनेक रेग्युलेटरमध्ये २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर असतात: पहिल्या आकड्यावर लहान, दुसऱ्यावर मोठा, तिसऱ्यावर दोन्ही मिळून ५.५ मायक्रोफॅरड आणि चौथ्यावर थेट पुरवठा. पूर्ण वेगावर ७५ वॅट आणि ०.३४ अँपिअर घेणाऱ्या पंख्याचे ढोबळ गणित केले, तर त्याच्या वाट्याला अनुक्रमे सुमारे ११०, १५४, २०५ आणि २३० व्होल्ट येतात. वेग बदलला की मोटरचे गुणधर्मही बदलतात, त्यामुळे मोजलेले आकडे थोडे वेगळे निघतील. परंतु टप्पे या क्रमाने पडतात.

हाच रेग्युलेटर शेडेड पोल मोटरला लावला तर काय होते, हे आकड्यांतच पाहणे बरे. समजा, एका लहान एक्झॉस्टची मोटर ४० वॅट आणि ०.३५ अँपिअर घेते. तिचा पॉवर फॅक्टर (वॅटचे व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराशी प्रमाण) जेमतेम ०.५ असल्यामुळे तिच्या अडथळ्यात इंडक्टिव्ह, म्हणजे कॉइलमुळे येणारा, भाग मोठा असतो, सुमारे ५७० ओहम. ५.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५० हर्ट्झला सुमारे ५८० ओहम अडथळा देतो. हे दोन अडथळे एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे असल्यामुळे जवळजवळ पूर्णपणे रद्द होतात, सर्किटमध्ये केवळ ३३० ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स उरतो आणि करंट घटण्याऐवजी दुपटीवर जाऊन मोटरच्या टोकांवर कागदोपत्री ४६० व्होल्ट दिसू लागतात. प्रत्यक्षात लोखंड संपृक्त झाल्यामुळे व्होल्टेज इतके चढणार नाही, पण मोटर तापून जळण्याइतके नक्कीच चढू शकते. वेग 'कमी' करण्यासाठी लावलेली वस्तू अशा वेळी मोटरवर जादा दाब टाकते. म्हणून शेडेड पोल मोटरला ट्रायॅकचा, पंख्यासाठी बनवलेला रेग्युलेटर लावावा आणि थोड्या गुणगुणीकडे दुर्लक्ष करावे. कॉइल गुंडाळलेला ऑटोट्रान्सफॉर्मर कंडेन्सरच्या आणि शेडेड पोल अशा दोन्ही मोटरच्या पंख्यांना चालतो आणि आवाजही करत नाही, पण तो जड व महाग असतो.

तिसरी पायरी: क्षमता तपासणे

रेग्युलेटरवर तो किती वॅटपर्यंत चालतो, हे छापलेले असते आणि घरगुती रेग्युलेटर बहुधा १०० वॅटच्या आसपासचे असतात. छताच्या एका पंख्याला ते पुरते. एका रेग्युलेटरवर दोन पंखे जोडू नयेत. वॅटची बेरीज मर्यादेत बसली तरी कंडेन्सरच्या टप्प्यांचे गणित बिघडते आणि पहिल्या आकड्यावर दोन्ही पंखे जागचे हलत नाहीत.

कूलरच्या बाबतीत येथेच सर्वाधिक चुका होतात. मोठ्या लोखंडी कूलरच्या पंख्याची मोटर १५० ते २०० वॅटपर्यंत घेऊ शकते, त्यामुळे छताच्या पंख्याचा रेग्युलेटर तिला पुरत नाही. शिवाय कूलरची मुख्य केबल पंखा आणि पाण्याची मोटर या दोन्हींना एकत्र पुरवठा करते. भिंतीवरच्या बोर्डात रेग्युलेटर बसवला की पंख्याबरोबर पंपाचेही व्होल्टेज उतरते, पाणी ताट्यांवर वरपर्यंत चढत नाही आणि अडखळलेला पंप तापून जळतो. कूलरची मोटर टॅपिंगची असेल, म्हणजे तिच्यातून वेगाच्या तीन वायरी निघत असतील, तर रेग्युलेटरऐवजी कूलरवरचा जुना स्विच बदलून तीन वेगांचा रोटरी स्विच बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि योग्य उपाय आहे. टॅपिंग नसेल, तर योग्य क्षमतेचा रेग्युलेटर कूलरच्या आत केवळ पंख्याच्या फेज वायरीत, पाण्याचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा बंद डब्यात बसवावा.

कूलरमध्ये पाणी आणि लोखंडी पत्रा एकत्र असतात, त्यामुळे बॉडीला अर्थिंग जोडलेले असल्याची खात्री केल्याखेरीज कोणतेही काम सुरू करू नये. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर वेग नियंत्रणाआधी त्यावर खर्च करावा. पाणी भरताना कूलर बंद करून प्लग काढण्याची सवयही लावून घ्यावी.

चौथी पायरी: बसवणे

मेन बोर्डातील त्या सर्किटचा एमसीबी खाली करावा आणि तो कोणी अनवधानाने वर करणार नाही, याची घरात स्पष्ट सूचना द्यावी. टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून तो पेटतो का ते पाहावे आणि मगच स्विचबोर्डच्या सर्व टोकांवर लावावा. बिघडलेला टेस्टर न पेटणे ही वीज नसल्याची खूण नव्हे. जुन्या वायरिंगमध्ये एकाच बोर्डात दोन सर्किटांच्या वायरी आलेल्या असतात, हे लक्षात ठेवून प्रत्येक टोक स्वतंत्रपणे तपासावे. वायरिंगविषयी शंका असेल, तर परवानाधारक वायरमनकडून काम करून घ्यावे.

काढण्यापूर्वी जुन्या जोडणीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. रेग्युलेटरच्या किंवा पंख्याच्या कंडेन्सरमध्ये एमसीबी बंद केल्यावरही भार राहू शकतो आणि २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जात असल्यामुळे त्याचा झटका जोराचा बसतो. पंख्याचा कंडेन्सर हाताळण्यापूर्वी एका जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या टोकांना क्षणभर लावून भार उतरवावा.

जोडणीचा क्रम साधा आहे. फेज वायर स्विचमध्ये, स्विचमधून रेग्युलेटरच्या इनपुटला, रेग्युलेटरच्या आउटपुटमधून पंख्याकडे आणि न्यूट्रल वायर थेट पंख्याला. रेग्युलेटर न्यूट्रलमध्ये टाकला तरी पंख्याचा वेग बदलतो, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. म्हणून कोणती वायर फेज आहे, हे वायरच्या रंगावरून ठरवू नये, टेस्टरने ठरवावे. पंख्याच्या जागीच दुसरा रेग्युलेटर किंवा रिमोटचे किट बसवलेले असेल, तर दोन्हींपैकी एकच ठेवावा. मॉड्युलर प्लेटमध्ये काही रेग्युलेटर एका मॉड्यूलचे तर काही दोन मॉड्यूलचे असतात, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी मोकळी जागा मोजून न्यावी. स्क्रू घट्ट आवळल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहावी, कारण सैल टोकावर ठिणगी पडत राहते आणि नव्या रेग्युलेटरचे प्लॅस्टिक वितळते.

पाचवी पायरी: चाचणी

एमसीबी वर करून पंखा प्रथम पूर्ण वेगावर चालवावा आणि मग एकेक आकडा खाली यावे. त्यानंतर पंखा पूर्ण थांबवून पहिल्या आकड्यावर नव्याने सुरू करावा. तो काही सेकंदांत आपणहून फिरू लागला पाहिजे. नुसती गुणगुण होऊन पाती जागची हलत नसतील, तर लगेच आकडा वाढवावा, कारण थांबलेल्या मोटरला हवा लागत नाही आणि ती तापत राहते. ट्रायॅकचा रेग्युलेटर असेल, तर पंखा वरच्या वेगावर सुरू करून मग खाली आणण्याची सवय ठेवावी.

यानंतर पंखा मधल्या आकड्यावर अर्धा तास चालवावा, कारण रोटर तेथेच जास्त तापतो. मग एमसीबी बंद करून मोटरच्या बाहेरील भागाला हात लावून पाहावा. तो कोमट किंवा काहीसा गरम असणे स्वाभाविक आहे. हात क्षणभरही ठेवता येत नसेल किंवा वॉर्निशचा जळका वास येत असेल, तर तो पंखा पुन्हा सुरू करू नये. जुन्या, बराच काळ पडून असलेल्या पंख्याची मोटर थेट पुरवठ्याला जोडण्यापूर्वी १०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीज बोर्डवर, म्हणजे बल्बमधून वीज पुढे मोटरला जाईल अशा जोडणीवर, तपासावी. बल्ब मंद पेटला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने पेटला तर वायंडिंग शॉर्ट आहे.

वेग कमी करण्यासाठी पंख्यातला कंडेन्सर काढून कमी मायक्रोफॅरडचा बसवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने वेग थोडा उतरतो खरा, परंतु सुरू होण्याची ताकद त्याहून जास्त घटते आणि वायंडिंगमधील करंटचा तोल बिघडतो. वेग वाढवण्यासाठी मोठा कंडेन्सर बसवल्यास स्टार्टिंग वायंडिंग तापते. पट्टीवर लिहिलेला आकडाच पाळावा.

बिघाड कुठे आहे, हे कसे ओळखावे

पंखा चौथ्या आकड्यावरसुद्धा मंद फिरत असेल, तर दोष रेग्युलेटरचा नसतो, कारण तेथे तो सर्किटमध्ये नसतोच. पंख्याचा स्वतःचा कंडेन्सर क्षीण झालेला असतो किंवा बेअरिंग जाम झालेले असते. वीज बंद करून पाते हाताने ढकलले असता ते सहज काही फेरे घेत असेल, तर कंडेन्सर बदलावा. तो ४४० व्होल्ट एसीचा घ्यावा.

पहिल्या आकड्यावर पंखा चालत नसेल आणि दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यावर वेग सारखाच असेल, तर रेग्युलेटरमधील लहान कंडेन्सर गेला आहे. दुसऱ्यावर चालत नसेल आणि पहिला व तिसरा सारखे असतील, तर मोठा गेला आहे. पहिल्या तिन्ही आकड्यांवर पंखा बंद राहून चौथ्यावरच फिरत असेल, तर एकतर दोन्ही कंडेन्सर गेलेले असतात किंवा त्यांच्या जोडणीतील लहान रेझिस्टन्स जळलेला असतो. याउलट पहिल्या आकड्यावरच पूर्ण वेग मिळत असेल, तर कंडेन्सर शॉर्ट झालेला आहे आणि रेग्युलेटर ताबडतोब काढावा.

आतला कंडेन्सर वेगळा मिळतो आणि सोल्डरिंग येत असेल तर नव्या रेग्युलेटरपेक्षा पुष्कळ कमी खर्चात काम होते. मात्र जुन्याएवढेच मायक्रोफॅरड घ्यावेत आणि किमान २५० व्होल्ट एसी, शक्यतो त्याहून अधिक क्षमतेचा, एसीवर सतत चालण्यासाठी बनवलेला कंडेन्सर निवडावा. केवळ डीसी व्होल्टेज लिहिलेला किंवा फिल्टरसाठी मिळणारा पिवळ्या डबीचा कंडेन्सर येथे लावू नये. पहिला फुटण्याची भीती असते आणि दुसऱ्याची क्षमता सतत सिरीजमध्ये चालवल्यावर हळूहळू घटत जाऊन पंखा पुन्हा पहिल्या आकड्यावर अडखळू लागतो.